पत्रकातली चौथी ओळ

आमच्या गावात दोन माणसं भेटली की "कसं काय" नंतर येतं. आधी एकजण हात पुढं करतो आणि म्हणतो, "काढ." मग दुसरा खिशातून पुडी काढतो. चिमूटभर तंबाखू डाव्या तळहातावर घ्यायची, डबीतला चुना नखानं लावायचा, अंगठ्यानं मळायचं, दोन थापा मारून धूळ उडवायची आणि अर्धी समोरच्याला द्यायची. एवढ्याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या मक्यात रानडुकरं शिरली, हे सगळं बोलून होतं. तंबाखूच्या विरोधात काम करायला लागून मला चार वर्षं झाली. या दोन-तीन मिनिटांचा विचार मी कधी केला नव्हता. पत्रकात त्याला जागाच नव्हती.

गाव भोकरदन तालुक्यात, केदारखेड्यापासून आत. मी राहते जालन्यात, मोंढ्याच्या मागं एका खोलीत, आणि काम करते व्यसनमुक्तीच्या एका छोट्या संस्थेत. काम म्हणजे शाळा, एसटी स्टँड, आठवडी बाजार. पिशवीत पत्रकं, खांद्यावर फ्लेक्सची गुंडाळी. मला गोड बोलता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. आष्टीच्या एका शाळेत वर्गासमोरच मी गुरुजींना म्हणाले होते, "सर, खिशातली पुडी बाहेर काढा, मग मी मुलांशी बोलते." हसनाबादच्या बाजारात पानटपरीसमोर उभं राहून पत्रकं वाटली, तर टपरीवाल्यानं त्याच पत्रकांत सुपारी बांधून दिली. लोक मला तंबाखूवाली म्हणतात. "आली बरं का तंबाखूवाली," असं कुणी म्हटलं की सगळ्यांचे हात खिशात जातात आणि बोलणं बंद पडतं. याचा मला अभिमान वाटायचा. लोक घाबरतात म्हणजे काम होतंय, असं मी समजत होते.

आमचं पत्रक चार घडीचं. तिसऱ्या पानावर ठळक मथळा, "तलफ आली तर?" आणि खाली पाच ओळी. पाणी प्या. दीर्घ श्वास घ्या. जुन्या सवयीच्या जागा टाळा. तलफ आली की बिनसाखरेचं च्युइंगगम चघळा. मनाशी पक्कं ठरवा. पाचही ओळी माझ्या. त्यातल्या चौथ्या ओळीतला "बिनसाखरेचं" हा शब्द मी मुद्दाम घातला होता. साखरेचं गम चघळत राहिलं की दात किडतात. बिनसाखरेच्यानं लाळ सुटते, तोंड कोरडं पडत नाही, दातांच्या किडीला खायला साखर मिळत नाही. हे मी नीट वाचून लिहिलं होतं आणि ते खरंच आहे. आजही माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

मागच्या वर्षी मी आमच्याच गावात तोंडतपासणीचं शिबिर लावलं. शाळेच्या ओसरीत टेबल, टेबलामागं जालन्याहून आणलेले दातांचे डॉक्टर, आणि समोर कुणीही नाही. एक तास कुणी आलं नाही. पारावरची माणसं लांबून बघत होती. शेवटी अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून घरात एकटेच असतात, भाऊ पुण्याला कंपनीत आहे. धुतलेला सदरा घालून ते टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बघा साहेब, पहिलं माझंच बघा. रांग तर लागली पाह्यजे." माझं शिबिर मोकळं दिसू नये म्हणून माझा बाप तिथं उभा राहिला होता.

डॉक्टरांनी बॅटरी मारली. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, जिथं ते चाळीस वर्षं तंबाखू धरत आले, बराबर तिथंच. डॉक्टर म्हणाले, "आज यानं काही होत नाही. पण तंबाखू सोडली नाही तर पुढं सांगता येत नाही."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. नंतर खिशातली पुडी आणि चुन्याची डबी काढून टेबलावर ठेवली. पुडी मी उचलली, डबी त्यांनी परत घेतली. "डबी राहू दे. पितळी हाय," म्हणाले.

जन्मभर माझं एक न ऐकलेल्या माणसानं माझं पत्रक मात्र अक्षरशः पाळलं. दर पंधरा दिवसांनी मी गावी जायचे आणि जाताना गमची पाकिटं न्यायचे. अण्णा ती खुंटीवरच्या पिशवीत ठेवायचे. पुढच्या खेपेला पिशवी रिकामी असायची.

"सगळी संपली?"

"संपली. आणखी आणली का?"

मी खूष. एकेक रिकामं पाकीट म्हणजे न खाल्लेली तंबाखू, असा माझा हिशेब. मी त्यांचा पाकीट हातात धरलेला फोटो काढला आणि संस्थेच्या भिंतीवर लावला. आमचे सर म्हणाले, "बघा, घरापासून सुरुवात यालाच म्हणतात."

तिसरी ओळही अण्णांनी पाळली. जुन्या सवयीच्या जागा टाळा. ते पारावर जायचे बंद झाले. संध्याकाळी मी खोलीवर आले की फोन करायचे.

"काय करून राह्यले, अण्णा?"

"बसलो."

"कुठं?"

"ओट्यावर."

"एकटेच?"

"मंग? कोण येणारे?"

"शाब्बास," असं मी म्हणायचे. हे मी खरंच म्हणायचे. फोन ठेवला की मीही माझ्या खोलीत एकटीच बसलेली असायचे, भात कुकरला लावून, शिट्टीची वाट बघत. आम्ही दोघं तीस-चाळीस किलोमीटरवर आपापल्या भिंतीला टेकून बसलोय, हे त्या वेळी मला दिसलं नाही.

चार-पाच महिने असेच गेले. मधे कामाच्या गडबडीत माझ्या दोन खेपा चुकल्या, पाकिटं मी एसटीतून ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली. मग एक दिवस चुलतीचा फोन आला. ती शेजारीच राहते.

"तुझं ध्यान हाय का बापाकडं?"

"का? काय झालं?"

"वाळून चालला माणूस. सदरा खुंटीला टांगल्यावानी दिसू राह्यला. आन्..." ती थांबली. "आन् घडीघडी डबा घेऊन जातो. मी कशी ईचारू? तूच बघ."

लोक काय म्हणतात तेही तिनं सांगितलं. आमच्याकडं पक्की समजूत आहे की चाळीस वर्षांची तंबाखू एकाएकी सोडली की आत दबलेला रोग बाहेर येतो. पारावर असंच चाललं होतं. "चांगला होता. पोरीनं सोडायला लावली आन् धरला रोगानं."

मी दुसऱ्या दिवशी गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. गाल आत गेलेले, गळ्याची शीर वर आलेली, जबडा हलत होता. मी आल्या आल्याच सुरू झाले, "वजन किती कमी झालंय! मला कळवायला काय झालं होतं?"

"उन्हाचं असंल."

"थंडी पडलीय, अण्णा."

"मंग थंडीचं असंल."

"पोट दुखतं का?"

ते गायीकडं बघत म्हणाले, "तू पाय धू. चहा ठेवतो." यापलीकडं आमच्यात बोलणं झालं नाही. पंचवीस वर्षांच्या मुलांना मी शौचाला जाण्याच्या वेळांबद्दल विचारू शकते, कारण तंबाखूवाल्यांचं ते आवडतं कारण असतं. "ताई, सकाळी तंबाखू धरल्याबिगर साफच होत न्हाई." त्यावर माझ्याकडं तयार उत्तर आहे, टाळ्या मिळतात त्याला. पण स्वतःच्या बापाला मी विचारू शकले नाही आणि बाप सांगू शकला नाही.

मी त्यांना जालन्याला आणलं. एसटीत ते दाराजवळच्या सीटवर बसले. वारा लागतो म्हणून बसले असतील, असं मला वाटलं. आदल्या दुपारपासून त्यांनी अन्नाचा कण खाल्ला नव्हता, रस्त्यात पंचाईत नको म्हणून. हे मला नंतर कळलं.

माझ्या खोलीचं संडास जिन्याखाली, चार बिऱ्हाडांत मिळून एक. सकाळी अण्णा उठले आणि म्हणाले, "पेपर घेऊन येतो." दहा मिनिटांनी आले. अर्ध्या तासानं परत, "पेपर घेऊन येतो." तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी त्यांच्या हाताकडं बघितलं. पेपर एकदाही आला नव्हता. मी स्टोव्हकडं तोंड करून उभी राहिले आणि म्हणाले, "हो, या घेऊन."

दवाखान्यात रक्त झालं, सोनोग्राफी झाली, बाकीच्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. पोटाचे डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. नळी घालून आतून बघावं लागेल असं ते म्हणत होते. मी मान हलवत होते आणि मनात एकच शब्द होता, जो मी रोज फ्लेक्सवर मोठ्या लाल अक्षरांत घेऊन फिरते. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

"बाबा, तोंडात काय आहे?"

अण्णांनी चटकन ते गालात सरकवलं, तंबाखू लपवावी तसं. मी ताठ बसून म्हणाले, "तंबाखू नाही, डॉक्टर. सोडलीय त्यांनी. बिनसाखरेचं च्युइंगगम आहे."

"दिवसाला किती?"

अण्णा माझ्याकडं बघायला लागले. "पत्रकात लिव्हलंय तसंच. तलफ आली की एक."

"आणि तलफ किती वेळा येते?"

"उठल्यापासून येतेच की साहेब. एकाचं गोड उतरलं की दुसरं. तीस होत असतील. चाळीस बी."

डॉक्टरांनी हात पुढं केला. अण्णांनी खिशातून पाकीट काढून दिलं, सवयीनं, कुणी "काढ" म्हणावं तसं. डॉक्टरांनी ते उलटं केलं आणि माझ्यासमोर सरकवलं. "तुम्ही वाचा."

पाठीमागं, घडीच्या शिवणीला लागून, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की यातल्या गोडीनं जुलाब होऊ शकतात. डॉक्टरांनी चार वाक्यांत समजावलं. साखरेऐवजी यात सॉर्बिटॉल, झायलिटॉल असले पदार्थ असतात. आतड्यात ते पुरते शोषले जात नाहीत, उलट पाणी ओढून घेतात. दोन-चार गोळ्यांनी बहुतेकांना काही होत नाही, पण दिवसाला तीस-चाळीस महिनोन्‌महिने चघळल्यावर पोट धरणार कसं, वजन टिकणार कसं? शिवाय सतत चघळताना हवा गिळली जाते, पोट फुगतं. "गम आजपासून पूर्ण बंद करा. आठवड्यानं या. नळीचं तेव्हा बघू. फरक पडला नाही तर मात्र घालावीच लागेल." मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "आणि ताई, तलफेसाठी औषधाचं गम वेगळं असतं. ते डॉक्टरला विचारून, मोजून घ्यायचं असतं. पत्रकावरून नाही."

मी गेली चार वर्षं तंबाखूच्या पुडीवरची बारीक अक्षरं भिंगानं वाचते आणि शाळेत मोठ्यानं म्हणून दाखवते. या पाकिटाची पाठ मी एकदाही बघितली नव्हती.

बाहेर बाकावर बसलो. पहिला राग अर्थातच कंपन्यांवर आला आणि तो अजून गेलेला नाही. समोर पांढऱ्याशुभ्र दातांचं चित्र आणि सावधगिरी शिवणीत, तीही इंग्रजीत! जालन्याच्या बाजारात हे विकता ना? मग मराठीत लिहायला हात मोडतात का? शाळेच्या दारातल्या टपरीवर बरणी भरून ठेवायला मराठी येतं, आणि इशारा द्यायची वेळ आली की येत नाही. हे सगळं मी बाकावर बसून अण्णांना सुनावलं. जसं काही तेच कंपनीचे मालक होते.

ते ऐकून घेत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "म्हणजे त्यो न्हाई?"

"कोण?"

"मोठा. त्यो रोग."

तेव्हा मला कळलं की हा माणूस चार महिने ओट्यावर बसून मरणाची वाट बघत होता.

"मला काहून सांगितलं नाही, अण्णा?"

"पोरीला सांगायची गोष्ट हाय का ती?" मग समोरच्या रिक्षांकडं बघत म्हणाले, "आन् सांगितलं असतं, तर तू गम बंद केलं असतं. गम बंद झालं की मी तंबाखू धरली असती. मला माझं माहीत हाय. गाव काय म्हणलं असतं? तंबाखूवालीचा बापच खातो. तुझं पत्रक मंग कोण हातात घेतलं असतं?"

मी उठून पाणी आणायला गेले आणि नळापाशी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

गम बंद केल्यावर चौथ्या दिवशी "पेपर घेऊन येतो" थांबलं. आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, नळीची गरज नाही. दातांच्या डॉक्टरांनी गाल बघितला, चट्टा फिकट झाला होता. अण्णा गावी गेले.

मी सरांना म्हणाले, चौथी ओळ बदलू या, किती चघळायचं ते लिहू या. सर म्हणाले, "पत्रकं छापून पडलीत. आणि एक पत्रक, एक मुद्दा. तंबाखूच्या पत्रकात गमचे तोटे सांगितले तर लोक म्हणतील, तंबाखूच बरी." यातलं शेवटचं वाक्य खोटं नाही, म्हणून जास्त राग आला. मी दोन गठ्ठे खोलीवर आणले. रविवारी दुपारी फरशीवर पसरून, पेनानं, एकेका पत्रकावर चौथ्या ओळीपुढं लिहीत बसले: "दिवसाला दोन-तीनच. जास्त चघळल्यास जुलाब होतात." खाली कुणाच्या तरी टीव्हीवर क्रिकेट चालू होतं, ओरडा झाला की माझं अक्षर वाकडं व्हायचं. त्या दिवशी मी कुणाशी एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी अण्णांना फोन लावला, तर त्यांनी उचलला नाही. तीनदा लावला. चुलतीला लावला तर ती म्हणाली, "आरं देवा, घाबरू नको. पारावर गेला असंल. रोज जातो आता."

पार म्हणजे तंबाखू.

शनिवारी मी न सांगता गेले. एसटी फाट्यावर थांबते, तिथून चालत गावात शिरताना शाळेच्या भिंतीआडून पार दिसतो. पाच-सहा जण बसले होते. मधोमध अण्णा, मांडी घालून. डाव्या तळहातावर तंबाखू होती आणि उजव्या हाताचा अंगठा चालला होता. पितळी डबी मांडीशी उघडी.

माझे पाय तिथंच थांबले. पिशवीत माझी हातानं दुरुस्त केलेली पत्रकं होती.

"मळ की जल्दी," एक म्हातारा म्हणत होता. "किती येळ लावू राह्यला. नुसता मळतच बसतो."

"तुझ्या बापानं मळली व्हती का इतकी बारीक?" अण्णा म्हणाले. "चाळीस वर्षांचा हात हाय ह्यो. खायची बंद केली, हात काय बंद केला?"

त्यांनी थाप मारली, धूळ उडवली आणि तंबाखू वाटून दिली. एकाला, दुसऱ्याला, तिसऱ्याला. मग रिकामा तळहात धोतराला पुसला आणि खिशातून बडीशेपेचे चार दाणे काढून तोंडात टाकले.

"काय चव लागती रे त्या बडीशेपंला?"

"काहीच न्हाई," अण्णा म्हणाले. "लग्नातून उपाशी आल्यावानी वाटतं." सगळे हसले. अण्णाही हसले. वर्षभरात मी त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

मला राग आला, हे लपवत नाही. माझा बाप दुसऱ्यांच्या गालांत चट्टे उठवायला तंबाखू मळून देत होता. त्या पाचही जणांची तोंडं मी डॉक्टरांना दाखवायला हवी होती, एकही शिबिराला आला नव्हता. पुढं जायचं, तळहातावर बोट ठेवून बोलायचं, असं डोक्यात वाक्यसुद्धा तयार झालं. मी भिंतीच्या आडून एक पाऊल पुढं टाकलं.

त्यांच्यातल्या एकानं मला बघितलं असावं. "तंबाखूवाली," एवढंच ऐकू आलं. हात खिशात गेले. तोंडं मिटली. अण्णांनी पितळी डबी मांडीखाली सरकवली आणि माझ्याकडं बघितलं. डॉक्टरसमोर गम गालात सरकवताना बघितलं होतं, अगदी तसंच.

मी तिथं बसू शकत नव्हते. बायका पारावर बसत नाहीत आणि बसल्या असत्या तरी मी कोण होते? मी पोचले की ती जागा ओट्यासारखी होऊन जाणार होती. अण्णा मधे आणि भोवती कुणी नाही.

"घरी जाते," मी म्हणाले. "चहा ठेवते. तुम्ही या सावकाश."

"येतोच," अण्णा म्हणाले, पण उठले नाहीत.

पत्रकं पिशवीतच राहिली. ती मी सोमवारी दुसऱ्या गावात वाटली, या गावातही वाटणार आहे, त्या पाच जणांची तोंडं तपासून घेतल्याशिवाय सोडणार नाही. पण त्या दिवशी मी घराकडं वळले. गल्लीच्या कोपऱ्यावर पोचेपर्यंत मागं नुसती शांतता होती. कोपरा वळून दिसेनाशी झाले, तेव्हा पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "हां, काढ आता," आणि गप्पा परत सुरू झाल्या.

मी कडी काढली, चूल पेटवली. दोन कपांचं आधण ठेवलं आणि त्यांची वाट बघत ओट्यावर बसले.